फूलबागेच्या फुटपाथवर कोणी काय बोलावं

मागच्या मंगळवारी सकाळी इथे ग्वाल्हेरात बैजातालला चक्कर मारून फूलबागेच्या बाजूनं परत येत होते. पाऊस नुकताच थांबलेला, फुटपाथवर चिखल, आणि गोपाळ मंदिराच्या थोडं अलीकडे एक म्हातारे गृहस्थ उभे. सत्तरीच्या आसपासचे असतील. अंगात खाकी रेनकोट, गळ्यात कापडी झोळी आणि हातात लाल कव्हरच्या छोट्या छोट्या पुस्तिका, भिजू नयेत म्हणून दुधाच्या धुतलेल्या पिशवीत ठेवलेल्या. येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे एक धरायचे, "नमस्ते" म्हणायचे, घेतली तर घेतली, नाही घेतली तर हात मागे. माझ्यापुढेही धरली, मी घेतली. येशूच्या गोष्टी होत्या, सोप्या हिंदीत. पिशवीत टाकली आणि दहा पावलं पुढे गेले असेन तेवढ्यात मागे बाइक थांबली.

दोन पोरं होती, वीस-बावीसची. एकानं मोबाइल काढून व्हिडिओ चालू केला आणि दुसरा विचारायला लागला, "क्या बाँट रहे हो? किसने भेजा है? कितना पैसा मिलता है इसका?" म्हाताऱ्यानं त्याच्यापुढेही पुस्तिका धरली, "पढ़ लो बेटा" म्हणाले. त्यानं ती घेतली आणि चिखलात टाकली. मग चार माणसं जमली, जमतातच, आणि कुठूनतरी एक शिपाई आला. मला वाटलं आता त्या पोरांना हटकेल, तर त्यानं आधी म्हाताऱ्यालाच विचारलं, परमिशन आहे का. ते म्हणाले, साहेब मी माइक लावला नाही, रस्ता अडवला नाही, कागदच देतोय. शिपाई काही वाईट बोलला नाही, अगदी थकल्यासारखं म्हणाला, "माहौल खराब होता है दादा, निकल लो यहाँ से." ते गृहस्थ खाली वाकले, चिखलातली पुस्तिका उचलली, रेनकोटच्या बाहीला दोन्ही बाजूंनी पुसली, झोळीच्या वेगळ्या कप्प्यात ठेवली आणि पडाव भागाच्या दिशेनं चालायला लागले.

मी तिथेच उभी होते आणि एक शब्द बोलले नाही. आठ दिवस झाले, ते बाहीला पुस्तिका पुसणं डोळ्यासमोरून जात नाही, म्हणून लिहायला बसलेय.

ज्यांना ग्वाल्हेर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, फूलबाग म्हणजे काय जागा आहे. माधो महाराजांनी, म्हणजे माधवराव शिंद्यांनी, तिथे एकाच आवारात गोपाळ मंदिर बांधलं, मोती मशीद बांधली, गुरुद्वारा बांधला आणि थिऑसॉफिकल लॉजसुद्धा, म्हणजे सगळ्या धर्मांचा अभ्यास करणाऱ्यांची बैठकीची जागा. जन्माष्टमीला त्याच गोपाळ मंदिरात राधाकृष्णाला संस्थानच्या काळातले दागिने घालतात, बँकेतून पोलीस बंदोबस्तात आणतात, अख्खं शहर दर्शनाला लोटतं. पलीकडे झाशीच्या राणीची समाधी. आणि याच फूलबागेला आमच्या शहरातली धरणी बसतात, मोर्चे इथेच येऊन थांबतात, आंगणवाडीच्या बाया, पटवारी, विद्यार्थी, सगळे. म्हणजे देवाचं नाव घ्यायची आणि सरकारला बोलायची जागा आमच्याकडे एकच आहे. तिथे एका माणसाला त्याच्या देवाबद्दलचा कागद कुणाच्या हातात देता येऊ नये?

माझा भाचा इथल्या हायकोर्टात वकिली करतो. संध्याकाळी त्याला फोन लावला, म्हटलं मला नीट सांग, त्या माणसाचं काही चुकलं का. तो म्हणाला, मावशी, संविधानातलं कलम 25 बघ. धर्म मानायचा, आचरायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क त्यात सगळ्यांना दिलाय, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. तो प्रसार शब्द असाच आलेला नाही. 6 डिसेंबर 1948 ला संविधान सभेत त्यावर जोरात वाद झाला होता, काही सभासदांना तो शब्दच नको होता. तेव्हा कन्हैयालाल मुन्शी म्हणाले होते की हा शब्द नसता तरी भाषणस्वातंत्र्याच्या हक्कात आपला धर्म दुसऱ्याला पटवून द्यायची मुभा राहिलीच असती. ख्रिश्चन नव्हेत, मुसलमान नव्हेत, मुन्शी! ज्यांनी सोमनाथ पुन्हा उभं करायला एवढी धडपड केली ते!

मी म्हटलं पण आपल्याकडे तर कायदा आहे ना धर्मांतराचा. आहे. मध्य प्रदेशात तो 1968 पासून आहे, आणि नवीन 2021 चा आला. जुन्या कायद्यावर सुप्रीम कोर्टात जी केस गेली, स्टॅनिस्लॉसची, 1977 ची, ती आपल्याच राज्यातून गेली होती. पाच न्यायाधीशांनी कायदा कायम ठेवला, दुसऱ्याला आपल्या धर्मात ओढायचा हक्क कलम 25 मध्ये नाही असं सांगितलं. पण त्याच निकालात हेही आहे की आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं, पसरवणं हा हक्क आहेच. म्हणजे जोर, लालूच, फसवणूक नाही चालणार, सांगणं चालेल. माझं स्वतःचं मत विचाराल तर गरिबाला पैशाची नाहीतर औषधाची आशा दाखवून धर्म बदलायला लावणं मला अजिबात पटत नाही, कोणी करत असेल तर त्यावर केस व्हायलाच पाहिजे. पण दुधाच्या पिशवीत पुस्तिका घेऊन फुटपाथवर उभा असलेला माणूस मला कसली लालूच दाखवत होता? मला तर त्याच्याकडे बघून वाटलं याला आधी कोणीतरी चहा पाजा.

आणि परमिशनचं म्हणाल तर भाच्यानं अजून एक केस सांगितली, ती मला फार आवडली. अहमदाबादचे हिम्मतलाल शहा, त्यांना रस्त्यावर सभा घ्यायची होती, पोलीस कमिशनरनी नाही म्हटलं. 1972 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की रस्त्यावर सभा कशी घ्यायची, कुठून वाट सोडायची, किती वाजेपर्यंत, हे नियम सरकार करू शकतं, पण देऊ की नाही देऊ हे सगळं साहेबांच्या मर्जीवर सोडणारा नियम चालणार नाही. तो नियम रद्दच केला. आता ती सभा होती, शेकडो माणसं जमायची होती. एकट्या माणसानं हातोहात कागद द्यायला कुठल्या नियमात परवानगी मागितली आहे ते त्या शिपायालाही माहीत नसणार. कलेक्टरचा एखादा आदेश लागू असेल, पूर्वीचं 144, आता 163 म्हणतात, तर गोष्ट वेगळी, पण तसं असतं तर त्यानं सांगितलं असतं ना. त्यानं "माहौल" म्हटलं. माहौल तर बाइकवरची पोरं खराब करत होती.

इथे मला माझ्याच घरातली गोष्ट सांगायला लागेल, नाहीतर हे लिहिणं खोटं होईल.

दोन वर्षांपूर्वीची अनंत चतुर्दशी. आमच्या गल्लीतलं मंडळ, आपल्याच लोकांचं, माझे वडील कधीकाळी त्याची वर्गणी गोळा करायचे, मी लहानपणी तिथे स्टेजवर नाच केलाय. आई तेव्हा चौऱ्याऐंशीची, हार्टची पेशंट, पंधरा दिवसांपूर्वी दवाखान्यातून घरी आणलेली. रात्री पावणेबारा वाजता डीजेची गाडी बरोब्बर आमच्या खिडकीखाली येऊन थांबली, पुढे ट्रॅफिक अडकला म्हणून हलेना, आणि आवाज असा की ताटाळ्यातली ताटं एकमेकांवर आपटत होती, देव्हाऱ्यातली छोटी घंटा हात न लावता वाजत होती. आईनं माझा हात इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी मनगटावर बोटं उठली होती. मला सांगत होती बंद करायला सांग गं, आणि मला तिच्या ओठांवरूनच कळत होतं, ऐकू येत नव्हतं. मी खाली धावले, पोरांच्या कानात ओरडले, ते हसून मलाच नाचायला ओढायला लागले, त्यांना वाटलं काकू आल्या. पोलिसांना फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, "त्योहार है मैडम, थोड़ा एडजस्ट कर लो." वीस मिनिटं. आई त्या रात्री वाचली, पण ती पहाटेपर्यंत झोपली नाही आणि मी तिच्या छातीवर हात ठेवून बसून होते.

दुसऱ्या दिवशी मी तक्रार लिहायला बसले तर वहिनी म्हणाल्या, अगं आपल्याच मंडळाची तक्रार करतेस? लोक काय म्हणतील, आधीच इथे मराठी माणूस उरलाय किती. आणि मी कागद फाडला. ते मला आजही खुपतं.

नियम तर अगदी साफ आहेत. 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम, रात्री 10 ते सकाळी 6 लाऊडस्पीकर बंद. वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि दवाखाना, शाळा, कोर्टाच्या 100 मीटरच्या आत त्याहून कमी. सणासुदीला सरकार सूट देऊ शकतं, वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस, रात्री 12 पर्यंत, पण सूट वेळेची आहे, छाती फुटेल एवढा आवाज करायची नाही. त्याच साली चेन्नईतल्या एका चर्चच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की दुसऱ्याची शांतता मोडून, स्पीकर लावून नाहीतर ढोल बडवून प्रार्थना करा असं कुठलाच धर्म सांगत नाही. आणि 2005 चा मोठा निकाल ज्यांनी लिहिला ते तेव्हाचे सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी तर आमच्या शेजारच्या गुण्याचे. त्यांनी लिहिलंय ते भाच्यानं मला वाचून दाखवलं. अर्थ असा, की तुम्हाला बोलायचा हक्क आहे तसा मला न ऐकायचाही आहे, आणि स्पीकर लावून माझ्या कानात आवाज कोंबणं हे भाषणस्वातंत्र्यात बसत नाही. ऐकताना मला त्या रात्रीची आईच आठवली.

मोहन यादव आमचे मुख्यमंत्री झाले तेव्हा डिसेंबर 2023 मध्ये त्यांचा पहिलाच आदेश भोंग्यांचा होता. मंदिर-मशिदीवरचे बरेच भोंगे उतरले, काहींचा आवाज खाली आला, ते चांगलंच झालं. पण डीजेच्या गाड्या फिरतायत अजून. कोणत्याही मिरवणुकीत बघा, नाव वेगळं, झेंडा वेगळा, गाडी तीच.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे की आपण सगळं उलटं करून ठेवलंय. ज्याच्यापासून चार पावलं बाजूला होता येतं, ज्याला "नको" म्हणता येतं, "तुमचं चुकतंय" म्हणून उत्तर देता येतं, त्या माणसाला आपण हाकलतो. आणि ज्याच्यापासून स्वतःच्या घरात दार लावूनसुद्धा सुटका नाही, ज्याला उत्तर द्यायचं तर आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही, त्याला म्हणतो सण आहे, सांभाळून घ्या. मी म्हणते धर्माबद्दल रस्त्यावर बोलू द्या, बाजूनं बोलू द्या, विरुद्ध बोलू द्या, पण समोरच्याला उलट बोलता येईल एवढ्या आवाजात.

विरुद्ध बोलू द्या हे लिहिताना मलाही सोपं जात नाहीये. गेल्या हिवाळ्यात फूलबागेलाच भरतीच्या परीक्षेवरून पोरांचं धरणं होतं. त्यात एक मुलगा, बारीक, चष्मा, कानाला मफलर, हातात पुठ्ठा, त्यावर स्केचपेननं लिहिलेलं, "मन्नत से नौकरी मिलती तो हम यहाँ क्यों बैठते", आणि खाली दानपेटीचं चित्र. आता माझ्या मुलाला नोकरी लागावी म्हणून मी अचलेश्वरला सोळा सोमवार केलेत, अनवाणी, आणि सतराव्या आठवड्यात त्याला ऑफर लेटर आलंय. मला ते वाचून असा राग आला, कानशिलं गरम झाली. शेजारी एकजण म्हणतच होता, धर्माचा अपमान आहे, एफआयआर करायला पाहिजे. मी सरळ त्या मुलाजवळ गेले आणि विचारलं, हे का लिहिलंस. तो उठून उभा राहिला. म्हणाला, आंटीजी, माझ्या आईनं तीन वर्षांत पंधरा हजार रुपये चढवलेत, आणि पेपर दोनदा रद्द झालाय. मी म्हटलं माझ्या मुलाला तर लागली. तो म्हणाला, तुमचा मुलगा हुशार असेल ना. मला एकदम काय बोलावं कळेना. मग मी म्हटलं तुझ्या आईला तीन वर्षं धीर कुठून आला असेल याचा विचार केलास का. त्यावर तोही गप्प झाला. मग आम्ही तिथेच कठड्यावर बसून पंधरा-वीस मिनिटं बोललो. मी सोमवार सोडलेले नाहीत आणि त्यानं पुठ्ठा खाली ठेवला नाही.

एफआयआरचं मी नंतर भाच्याला विचारलं. तो म्हणाला, जुनं 295 अ, इंग्रजांनी 1927 ला आणलेलं, आता नव्या न्याय संहितेत 299, त्यात जाणूनबुजून आणि द्वेषानं धर्माचा अपमान केला असं दिसावं लागतं, नुसतं कोणाला वाईट वाटलं एवढ्यावर ते लागत नाही. नोकरीसाठी रडणाऱ्या पोराच्या पुठ्ठ्यात कसला द्वेष?

पुण्यात माझी मावसबहीण राहते, ती ओंकारेश्वरच्या पुलावरून फिरायला जायची. 20 ऑगस्ट 2013 ला त्याच पुलावर सकाळी डॉ. दाभोलकरांना गोळ्या घातल्या. ते काय करायचे? बोलायचेच ना, सभेत, शाळेत, चौकात, हळू आवाजात, समोरच्याचे प्रश्न घेत. बहिणीनं कितीतरी दिवस ती वाट सोडली होती. मफलरवाला मुलगा घरी जायला निघाला तेव्हा हेच मनात आलं आणि मी त्याला म्हटलं, बाळा, हा पुठ्ठा बसमध्ये उलटा करून धर हो. नंतर मलाच वाईट वाटलं, आपल्या शहरात एका पोराला असं सांगायला लागावं.

असं पूर्वापार नव्हतं आपल्याकडे. गाडगेबाबा कीर्तनाला उभे राहायचे ते लोकांनाच प्रश्न विचारत विचारत, नवसाला बकरं मारणाऱ्यांना तोंडावर बोलायचे, आणि लोक बसून ऐकायचे, उत्तरं द्यायचे. आणि एवढ्या लांब कशाला, आमच्या तानसेन समारोहाची सकाळ बघा. रात्रीच्या मैफिलींचे फोटो सगळीकडे येतात पण मी दर डिसेंबरला जाते ती पहिल्या सकाळसाठी. इथल्या हजिऱ्याला सूफी संत मोहम्मद गौस यांच्या मकबऱ्याशेजारी तानसेनची समाधी. आधी शहनाई, मग ढोलीबुवांच्या मठाचे महाराज हरिकथा सांगतात, आपल्या लष्कर नावाच्या भागातला मराठी मठ, ढोलीबुवाच्या पुलाजवळचा, आणि त्यानंतर तिथेच मौलाना मिलाद पढतात, मग चादर चढते. 1924 ला सुरू झालं, 2024 ला शंभरावा समारोह झाला. मी सतरंजीवर बसते, थंडीनं पाय आखडलेले असतात, पुढे टोपीवाले म्हातारे हरिकथेच्या भजनाला गुडघ्यावर बोटानं ताल धरतात, आणि बुवांचं झालं की बुवांची माणसं उठून जात नाहीत, मिलाद ऐकत बसतात. एक रामाचं नाव घेतो, एक अल्लाचं, आणि दोघं अगदी मनापासून घेतात, कुणी आपलं पाणी घालून पातळ करत नाही. फक्त पाळीनं बोलतात. एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो.

तर आता मी काय केलं ते सांगते. शुक्रवारी भाच्याला घेऊन ठाण्यात गेले, अर्ज दिला, की फूलबागेच्या फुटपाथवर धार्मिक पुस्तिका वाटायला कुठल्या नियमानं मनाई आहे ते लेखी कळवा, आणि त्या सकाळी जे झालं तेही लिहिलं, बाइकचा रंगही. शिक्का मारून पोच घेतली. उत्तर अजून आलेलं नाही. त्या गृहस्थांना मी रोज शोधते, पडावच्या पुलापर्यंत जाऊन आले, दिसले नाहीत. लाल पुस्तिका मी वाचून काढली, मला त्यात काही माझं वाटलं नाही, पण देव्हाऱ्याखालच्या फळीवर पोथ्यांच्या बाजूला ठेवलीय, कारण ते भेटले तर मला सांगायचंय की मी वाचली.

आणि या रविवारी मंडळाची मीटिंग आहे, गणपतीच्या तयारीची. मी दोन विषय लिहून दिलेत. पहिला, विसर्जनाला डीजे नको, ढोल-ताशे आणि लेझीम, आणि दहा वाजता सगळं बंद. दुसरा, दहा दिवसांपैकी एक संध्याकाळ मंडपात माइकशिवाय नुसती बैठक, त्यात कोणीही येऊन धर्माबद्दल काहीही विचारावं, कुठल्याही धर्माचा माणूस असो, मानणारा असो नाहीतर न मानणारा. वहिनींचा पहिल्याला होकार आलाय. दुसऱ्याला त्या म्हणाल्या, भांडणं होतील गं. मी म्हटलं होऊ देत, चहा मी करीन. मफलरवाल्या मुलाचा नंबर माझ्याकडे आहे, त्याला कालच फोन केला, तो येतो म्हणाला, आईला घेऊन.

मीटिंग संध्याकाळी पाचला, नेहमीच्याच जागी. लष्कर भागात राहणारे जे कोणी हे वाचताय ते या, विरोधात बोलायचं असेल तरी या.